तीन ते पाच लाखांत घरासाठी जुनी गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी, खासगी नोंदणीची वापरलेली गाडी घेऊ पाहणाऱ्या महाराष्ट्रातील खरेदीदाराला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. रोजची ये-जा, शाळेची ने-आण, वर्षातून दोन-तीनदा गावाकडचा किंवा कोकणातला प्रवास आणि अधूनमधून रुग्णालय, एवढाच या गाडीचा वापर गृहीत धरला आहे.

हातात चार लाख रुपये असतील, तर किती रुपयांची गाडी पाहावी?

साधारण तीन लाख चाळीस हजारांची. उरलेले साठ हजार रुपये ही बचत नसून, गाडीच्या किमतीचाच थोड्या उशिरा द्यावा लागणारा भाग आहे. गाडी विकायला निघते तेव्हा बहुतेक वेळा तिचा एखादा मोठा खर्च जवळ आलेला असतो; टायर झिजलेले असतात, बॅटरी अखेरच्या वर्षात असते, क्लच फार वर पकडू लागलेला असतो किंवा विम्याची मुदत संपत आलेली असते. चार नवे टायर, बॅटरी, सर्व तेले आणि फिल्टर, ब्रेक पॅड आणि एका वर्षाचा सर्वसमावेशक विमा एवढेच धरले, तरी छोट्या गाडीला पन्नास हजारांच्या आसपास खर्च येऊ शकतो. ही रक्कम आधीच बाजूला काढली नाही, तर पहिल्या सहा महिन्यांत आवश्यक दुरुस्त्या पुढे ढकलल्या जातात आणि चांगली गाडीही नव्या मालकाच्या हाती बिघडू लागते.

कर्ज काढून घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीच्या कर्जापेक्षा सहसा बराच जास्त असतो, त्यामुळे मासिक हप्ता पाहून ठरवण्याऐवजी शेवटच्या हप्त्यापर्यंत एकूण किती पैसे जातील हे लिहून काढावे.

एवढ्या पैशांत थोडी भर घालून नवीनच गाडी घेतली तर?

हा प्रश्न पूर्वीपेक्षा आता अधिक गंभीरपणे विचारायला हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला आणि लहान गाड्यांच्या किमती खाली आल्या. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या जुन्या छोट्या गाडीसाठी विक्रेता जुन्या शोरूम किमतीच्या आधारे मागणी करत असेल, तर त्याच मॉडेलची आजची ऑन-रोड किंमत समोर ठेवून बोलणी करावीत. दोन्हींतील फरक एक-सव्वा लाखांचाच उरत असेल, तर हमी, कमी व्याज आणि स्वच्छ इतिहास या कारणांसाठी नवीन गाडी सरस ठरते. जुन्या गाडीचा खरा फायदा पाच ते सात वर्षांच्या टप्प्यात आहे, कारण तिथपर्यंत किमतीतील मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि इंजिनाचे बरेच आयुष्य शिल्लक असते.

कोणत्या वर्षानंतरची गाडी घ्यावी?

शक्य असल्यास ऑक्टोबर २०१९ नंतर तयार झालेली. १ ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या मॉडेलांनाही धडक-चाचणीचे निकष लागू झाले. त्याआधी, एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीट बेल्टची सूचना, वेगाची सूचना व मागचे पार्किंग सेन्सर सर्व गाड्यांत अनिवार्य झाले होते. चालकाशेजारच्या एअरबॅगची सक्ती सर्व मॉडेलांना २०२१ च्या अखेरीस लागू झाली, म्हणून २०१९-२० च्या सर्वांत स्वस्त प्रकारांत ती नसण्याची शक्यता असते. घरातले एक माणूस नेहमी त्याच जागेवर बसणार आहे, हे लक्षात घेऊन ती आहे की नाही हे डॅशबोर्डवर स्वतः पाहावे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज, म्हणजे गाडीच्या धुरातील प्रदूषणाचे सरकारी निकष) गाड्यांचीच विक्री सुरू झाली. बीएस-४ पेट्रोल गाडी घेण्यात आज मोठी अडचण नाही, परंतु पाच-सहा वर्षांनी ती पुन्हा विकायची असेल तर बीएस-६ गाडीला गिऱ्हाईक अधिक सहज मिळेल. इंधनाचाही विचार हवा: एप्रिल २०२३ पासून तयार होणाऱ्या गाड्यांचे भाग वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला टिकतील असे बनवलेले असतात, तर आधीच्या गाड्यांत मायलेज काहीसे घटते आणि रबरी नळ्या व गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात. हे कारण देऊन जुनी गाडी नाकारण्याची गरज नाही. मेकॅनिकला इंधनाच्या नळ्या तपासायला मात्र सांगावे.

दहा वर्षांपलीकडची गाडी घेताना पंधराव्या वर्षाचे गणित मांडावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. एप्रिल २०२२ पासून त्याचे केंद्रीय शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि पर्यावरण कर त्याशिवाय वेगळा भरावा लागतो. उत्पादनाचा महिना आणि नोंदणीचा महिना वेगळे असू शकतात, म्हणून आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) उत्पादनाची तारीखच गाडीचे खरे वय मानावे.

कोणते मॉडेल सर्वांत चांगले?

मॉडेलची चर्चा लोकांना सर्वाधिक आवडते, पण या किमतीच्या टप्प्यात निर्णय तिच्यावर सोडू नये. नीट ठेवलेली साधी वॅगन आर ही दुर्लक्षित होंडा सिटीपेक्षा घरासाठी अधिक उपयोगी असते. शोध सुरू करण्यापूर्वी तीन-चार मॉडेले निश्चित करावीत, आणि त्यानंतर त्यांतील सर्वांत चांगला मालक शोधावा.

निवडीचा पहिला निकष म्हणजे आपल्या तालुक्यातील साध्या गॅरेजमध्ये तिचे काम होते का आणि सुटे भाग दुसऱ्या दिवशी मिळतात का. मारुतीची वॅगन आर, स्विफ्ट आणि डिझायर, तसेच ह्युंदाईची ग्रँड आय-१० या कसोटीला सर्वत्र उतरतात. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या वॅगन आरची डिकी ३४१ लिटरची आहे आणि तिच्या उंचीमुळे गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना बसणे-उतरणे सोपे जाते. सुरक्षेच्या बाबतीत मात्र ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचण्या घेऊन पाचपैकी तारे देणाऱ्या संस्थेच्या चाचणीत तिला २०१९ साली दोन आणि अधिक कडक निकषांखाली २०२३ साली एकच तारा मिळाला. टाटाच्या टियागोला जानेवारी २०२० मध्ये चार तारे मिळाले आणि नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये पाच. जुलै २०२२ पासून चाचणीचे निकष बदलले असल्याने आधीच्या आणि नंतरच्या ताऱ्यांची थेट तुलना करू नये, तरीही महामार्गावर नियमित जाणाऱ्या कुटुंबाने या फरकाला वजन द्यावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सामान जास्त असणाऱ्यांनी छोट्या सेडानचा विचार करावा. २०१८ नंतरच्या होंडा अमेझची डिकी ४२० लिटरची आणि २०१७ नंतरच्या डिझायरची ३७८ लिटरची आहे. टोयोटा इटिऑस सेडान दिसायला जुनाट आणि आतून रूक्ष आहे, परंतु तिची डिकी जवळपास ५९० लिटरची आहे, मागच्या सीटवर तिघे खरोखर बसतात आणि इंजिन दीर्घायुषी मानले जाते. तिचे उत्पादन २०२० मध्ये थांबल्यामुळे भाव मवाळ असतो. टॅक्सीसाठी तिचा प्रचंड वापर झाला, हीच तिची अडचण आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

सात माणसांसाठी एर्टिगा हा स्वाभाविक पर्याय असला, तरी दुसऱ्या पिढीच्या एर्टिगात तिन्ही रांगा भरल्यावर मागे २०९ लिटरच जागा उरते. वर्षातून दोनदाच सातजण जाणार असतील, तर त्या दोन दिवसांसाठी भाड्याची गाडी करावी आणि रोजच्यासाठी लहान गाडी घ्यावी.

भारतातून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या फार स्वस्त मिळतात. त्या घ्याव्यात का?

शेव्हरोलेची भारतातील विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली आणि तळेगावचा कारखानाही २०२० च्या शेवटी बंद झाला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. फोर्डच्या फिगो, ॲस्पायर आणि इकोस्पोर्ट या बांधणीने दणकट गाड्या आहेत, आणि पुणे, मुंबई किंवा नाशिकसारख्या शहरात जाणकार गॅरेज असल्यास त्या घेता येतात. घरात हीच एकमेव गाडी असेल आणि राहणे जिल्ह्याच्या गावापासून दूर असेल, तर मात्र एखाद्या सेन्सरसाठी आठवडाभर गाडी उभी राहण्याचा धोका पत्करू नये. बंपर, दिवे आणि दरवाजे यांसारखे बाहेरचे भाग मिळवणे इंजिनाच्या भागांपेक्षा कठीण जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

महिन्याला हजार किलोमीटरपर्यंत वापर असेल, तर पेट्रोल. डिझेल गाडीची जास्त किंमत, महाग सर्व्हिस आणि इंजेक्टर किंवा टर्बोचा संभाव्य खर्च एवढ्या वापरात वसूल होत नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर सलग, एका वेगाने चालावी लागते. केवळ शाळा आणि बाजार एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो तुंबतो व त्याचा खर्च मोठा असतो.

सीएनजी परवडते, पण डिकी जाते. कुटुंबाच्या गाडीत हा मोठा तोटा आहे. कंपनीने बसवलेले किट घेणे श्रेयस्कर. बाहेरून बसवलेले असेल तर त्याची नोंद आरसीवर झालेली आहे का हे पाहावे, कारण नोंद नसताना अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते आणि तिची तारीख सोबतच्या प्रमाणपत्रावर व पट्टीवर असते. जवळचा पंप किती अंतरावर आहे आणि तिथे रांग किती असते, हेही सौद्याआधी एकदा जाऊन पाहावे.

ऑटोमॅटिक घ्यावी का?

या किमतीत मिळणारी बहुतेक ऑटोमॅटिक वाहने एएमटी प्रकारची असतात, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्रणा आपोआप हलवते. चढावर थांबून पुन्हा निघताना आणि गर्दीत हळूहळू सरकताना धक्के किंवा जळका वास येत असेल, तर ती सोडून द्यावी. क्लच आणि त्याला चालवणारी यंत्रणा यांचा खर्च साध्या गिअरच्या गाडीपेक्षा बराच जास्त येतो.

मीटरवरील किलोमीटर खरे आहेत हे कसे ओळखावे?

मीटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा कागदांवर ठेवावा. डिजिटल मीटर मागे घेणे सोपे झाले आहे. गाडी कंपनीच्या अधिकृत केंद्रात सर्व्हिस होत असेल, तर प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर तेथील संगणकात नोंदलेले असतात. विक्रेत्याला सोबत घेऊन किंवा त्याच्या संमतीने ती यादी मागावी. जो मालक यादी काढून द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्या गाडीवर वेळ घालवू नये. सर्व्हिस बाहेर होत असल्यास बिलांची फाइल पाहावी. ज्या मालकाने प्रत्येक बिल जपले आहे, त्याने सहसा तेलही वेळेवर बदललेले असते.

याला गाडीवरील खुणांची जोड द्यावी. ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचे रबर, स्टीअरिंगचा वरचा भाग, गिअरची मूठ आणि चालकाच्या सीटची दाराकडील कड यांची झीज मीटरशी जुळायला हवी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर पंचवीस हजार दाखवत असताना चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे असतील, तर उत्तर विक्रेत्याने द्यायचे आहे.

केवळ कमी किलोमीटर म्हणून भुलण्याचेही कारण नाही. सात वर्षांत अठरा हजार चाललेली गाडी बराच काळ एका जागी उभी राहिलेली असते. तिचे टायर कडक झालेले, रबरी भाग सुकलेले आणि ब्रेक जाम झालेले असू शकतात. वर्षाला आठ ते बारा हजार किलोमीटर नियमित चाललेली गाडी अधिक निरोगी असते.

अपघात झालेली किंवा पुरात सापडलेली गाडी कशी ओळखावी?

बंपर रंगवलेला असणे हा दोष नाही. आपल्या रस्त्यांवर ओरखडा न लागलेली गाडी सापडणेच दुर्मीळ. प्रश्न सांगाड्याचा आहे. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे ॲप्रन (चाकांवरचे आतले पत्रे), रेडिएटरचा आधार, डिकीत स्टेपनीखालचा पत्रा आणि दारांचे रबर बाजूला करून पिलर (छताला आधार देणारे खांब) पाहावेत. कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगचे ठिपके समान अंतरावर आणि एकसारखे असतात, तर गॅरेजमधील जोड खडबडीत आणि पुट्टी भरलेला असतो. बॉनेट आणि दारांच्या बोल्टवरील रंग उडाला असेल, तर ते काढून पुन्हा बसवलेले आहेत. सर्व काचांवरील कंपनीचे चिन्ह आणि वर्ष जुळते का हे पाहायला एक मिनिट लागते.

पुराचे पाणी याहून घातक, कारण त्याचे परिणाम महिन्यांनी दिसतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणमध्ये पाणी शिरले, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या स्वच्छ करून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाऊ शकतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण आतल्या टोकावर गढूळ पाण्याची रेघ राहते. सीटच्या रुळांवरील आणि बोल्टवरील गंज, गालिच्याखालची बारीक माती, हेडलाइटच्या आतील डाग आणि एसी बंद करून काचा लावल्यावर येणारा कुबट वास यांपैकी दोन खुणा आढळल्या, तर किंमत कितीही कमी असो, गाडी घेऊ नये. विम्याच्या दाव्यांचा इतिहास विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

किनाऱ्यावरील गाड्यांना, म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या गाड्यांना, खाऱ्या हवेमुळे खालून गंज लवकर लागतो. त्या रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

टॅक्सीची गाडी खासगी करून विकली जात असेल तर?

असे रूपांतर कायदेशीर असते, पण अशा गाडीची किंमत खासगी गाडीइतकी नसावी. पिवळी पाटी, किंवा स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनांची पिवळ्या अक्षरांची काळी पाटी, आधी होती का, हे जुनी विमा पॉलिसी आणि कराच्या पावत्यांवरून कळते. इटिऑस, डिझायर, अमेझ आणि एर्टिगा घेताना हे आवर्जून तपासावे.

दिल्ली पासिंगची गाडी एवढी स्वस्त का असते?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवले. पुढे अंमलबजावणी कमी-अधिक होत राहिली, तरी तिथल्या मालकांची गाडी वेळेआधी विकण्याची घाई त्यातूनच आली. मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला म्हणजे फॉर्म २८, महाराष्ट्रातील वयानुसारचा एकरकमी कर, नवा नंबर आणि मूळ राज्यातील कराच्या परताव्यासाठीचा पाठपुरावा, हे सर्व जोडल्यावर बचत अनेकदा नाहीशी होते. परराज्यातील गाडी येथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवल्यास पुनर्नोंदणी बंधनकारक आहे, त्यामुळे ‘तशीच चालवा, कोणी विचारत नाही’ हा सल्ला ऐकू नये.

टोकन देण्यापूर्वी कोणते कागद पाहावेत?

आरसीची मूळ प्रत प्रथम. त्यावरील चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः जुळवावेत आणि आकडे खरवडलेले वाटल्यास तिथेच थांबावे. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला, की मालकाचा अनुक्रम, विमा व पीयूसीची (प्रदूषण तपासणी प्रमाणपत्राची) मुदत, कर्जाचा बोजा आणि काळ्या यादीत नाव आहे का, हे दिसते. थकीत ई-चलने वेगळी पाहून विक्रेत्याकडूनच भरून घ्यावीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर गाडी चोरीच्या नोंदीत आहे का हे तपासता येते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवलेली आहे का, हेही पाहावे.

आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचे तोंडी सांगणे पुरेसे नाही. बँकेचा ना-हरकत दाखला आणि बोजा उतरवण्यासाठीचा तिच्या सहीचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

थेट मालकाकडून घ्यावी की डीलरकडून?

थेट मालक उपलब्ध असेल तर त्याच्याकडून. त्याच्या घरी जाऊन, गाडी कुठे उभी असते, ती कोण चालवते आणि विकण्याचे कारण काय, हे विचारता येते. उत्तरांतून गाडीविषयी बरेच कळते. कंपन्यांच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या दालनांत तपासणी आणि मर्यादित हमी मिळते, पण त्याचे पैसे किमतीत धरलेले असतात. डीलरला त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, तर दोन व्यक्तींमधील व्यवहारावर तो लागत नाही. कोणाकडूनही घेतली, तरी विक्रेत्याने सुचवलेल्या नव्हे तर आपल्या माहितीच्या मेकॅनिकला सोबत न्यावे आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. पाहुण्यांकडून किंवा सहकाऱ्याकडून घेताना लोकांना हे संकोचाचे वाटते, पण तपासणी न करता घेतलेली गाडी नात्याला अधिक जड जाते.

चालवून पाहताना काय पाहावे?

सकाळी, इंजिन थंड असताना जावे आणि आधी गाडी सुरू करून ठेवू नका असे कळवावे. निळसर धूर तेल जळत असल्याचे आणि गरम झाल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर कूलंट आत जात असल्याचे लक्षण असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर काचा खाली करून हळू चालवल्यास सस्पेन्शनची खडखड ऐकू येते. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग सैल धरून गाडी एका बाजूला ओढते का, जोरात ब्रेक लावल्यावर थरथरते का हे पाहावे. जवळ घाट किंवा मोठा चढ असल्यास घरातल्या सर्वांना बसवून, एसी लावून तिथपर्यंत न्यावे. मागच्या सीटवर कोण किती अवघडून बसले, हे त्याच फेरीत कळते.

विक्रेत्याचा विमा आणि नो क्लेम बोनस आपल्याला मिळतो का?

विमा हस्तांतरित होतो, बोनस नाही. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी ही सवलत गाडीची नसून मालकाची असते आणि विक्रेता ती आपल्या पुढच्या गाडीसाठी राखून ठेवू शकतो. खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करावा, अन्यथा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

नाव बदलण्याची प्रक्रिया किती तातडीची आहे?

विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत आरटीओला कळवणे मोटार वाहन कायद्यानुसार आवश्यक आहे. त्यासाठी मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३०, आरसी, विमा, पीयूसी, ओळख व पत्त्याचे पुरावे आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने उमटवलेला ठसा लागतो. राज्यातल्या राज्यात गाडीचा नंबर बदलत नाही. कोरे फॉर्म सही करून एजंटकडे सोडण्याची पद्धत दोन्ही बाजूंना धोक्याची आहे: नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला असून, अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. म्हणून किमतीचा थोडा भाग ऑनलाइन अर्जाची पावती मिळेपर्यंत रोखून ठेवण्याची अट आधीच लेखी ठरवावी. सरळ विक्रेता त्याला सहसा हरकत घेत नाही, कारण त्यात त्याचेही संरक्षण आहे.

जुना फास्टॅग तसाच वापरता येईल का?

नाही. तो विक्रेत्याच्या खात्याला जोडलेला असतो, त्यामुळे त्याने तो बंद करावा आणि नवी आरसी आल्यावर खरेदीदाराने आपल्या नावाने नवा घ्यावा. अर्जात स्वतःचाच मोबाइल क्रमांक दिलेला आहे याची खात्री करावी, कारण पुढील ई-चलनांचे संदेश त्याच क्रमांकावर येतात आणि एजंटचा क्रमांक नोंदला गेला असेल तर ते कळतही नाहीत.